नमुना-सामग्रीची स्थापना व निरसन : गिरड येथील व्यक्तिनामांच्या निमित्ताने

विदाविश्लेषणाचे बहुतेक मंच आपल्याबरोबर थोडी तयार सामग्री आणतात. तीत कोष्टके असतात, त्यांवरून काढलेले आलेख असतात आणि ते आलेख एकत्र मांडणारे डॅशबोर्डही असतात. नवशिक्याला रिकाम्या पडद्यासमोर बसावे लागू नये, हा तिचा हेतू होय. ही सामग्री साधन शिकविते, विषय शिकवीत नाही. भाषाभ्यासकाने हा भेद विशेष ध्यानात ठेवावयास हवा.

वर्धा जिल्ह्यातील गिरड या गावच्या व्यक्तिनामांची पाहणी करावयाची आहे, असे समजू. तेथील टेकडीवरच्या बाबा फरीद यांच्या दर्ग्यास हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाजांचे भाविक येतात; नावांच्या अभ्यासास असे स्थळ अनुकूलच. अभ्यासकाने अपाचे सुपरसेट हा मुक्त मंच निवडला, तर ‘सुपरसेट लोड-एक्झाम्पल्स’ या एका आज्ञेने नमुन्यांची कोष्टके व डॅशबोर्ड दाखल होतात. योगायोग असा, की त्यांत ‘बर्थ नेम्स’ हे अमेरिकेतील नवजात बालकांच्या नावांचे कोष्टक आहे. नाव, लिंग, राज्य, वर्ष व संख्या हे स्तंभ त्यात आधीच वेगळे केलेले आहेत. त्यामुळे नावांच्या चढउताराचा आलेख हां हां म्हणता तयार होतो, आणि आपल्या यादीवरूनही तो असाच निघेल असा भ्रम उत्पन्न होतो.

गावातून गोळा केलेली यादी अशी नसते. तीत नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव व आडनाव ही बहुधा एकाच रकान्यात येतात. ‘शेख’ हा शब्द एके ठिकाणी आरंभी, तर दुसऱ्या ठिकाणी आडनावाच्या जागी असतो. ‘फरीद’, ‘फरिद’ व ‘फ़रीद’ ही तीन नावे मानावयाची की एकाच नावाची तीन लेखने, याचा निर्णय यंत्र करीत नाही. नुक्तायुक्त ‘फ़’ तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एका स्वतंत्र संकेताने, किंवा ‘फ’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. परंतु लेखन आधी एकरूप करून घेतले नाही, तर मोजणीत ती दोन नावे ठरतात. भाषाशास्त्राचे खरे काम येथेच सुरू होते, आणि नमुन्यात नेमके तेवढेच कोणीतरी आधी उरकून ठेवलेले असते.

काही सामग्री तर मुळातच काल्पनिक असते. गिरडच्या टेकडीवर फळांसारखे दिसणारे झिओलाइटचे गोटे सापडतात. संताची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे ते दगड झाले, अशी आख्यायिका आहे. किबाना या मंचातील दुकानी मागण्यांचा संच याच जातीचा : नोंदी ४,६७५, पण ग्राहक एकही खरा नाही. शिवाय आलेख सदैव ताजा दिसावा म्हणून या नोंदींचे दिनांक स्थापनेच्या दिवसानुसार पुढे सरकविले जातात. दोन विद्यार्थ्यांनी तोच संच वेगवेगळ्या महिन्यांत बसविला, तर त्यांचे दिनांक जुळत नाहीत. वर्गात स्वाध्याय देणाऱ्या अध्यापकाने हे आधी सांगितलेले बरे.

आलेख कोणत्या कोष्टकावरून काढला, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. म्हणून नमुने स्वतंत्र विदासंग्रहात बसवावेत, स्थापनेचा दिनांक व मंचाची आवृत्ती टिपून ठेवावी आणि प्रबंधाची सामग्री भरण्यापूर्वी ते काढून टाकावेत. किबानात यासाठी एकच कळ आहे. तीमुळे नोंदी व डॅशबोर्ड एकदमच जातात, अर्थात मूळ डॅशबोर्डात सरावासाठी केलेले बदलही त्यांबरोबर जातात. सुपरसेटमध्ये आधी डॅशबोर्ड, मग आलेख आणि शेवटी विदासंचाची नोंद, हा क्रम सोयीचा. विदासंचाची नोंद आधी पुसल्यास तीवर उभे असलेले आलेख निराधार होतात; मंच तशी सूचना देतो, पण सूचना वाचण्याची सवय विरळाच. शिवाय नोंद पुसली तरी मूळ कोष्टक संग्रहात शिल्लक राहते, व ते तेथून वेगळे काढावे लागते.