अवधान बदलण्याची किंमत

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथून नोकरीसाठी लोकलने मुंबईस जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा अभ्यास गाडीतच होतो. एका हाती भाषाविज्ञानाचे पुस्तक असते, दुसऱ्या हाती भ्रमणध्वनीवर कार्यालयाच्या संदेशांना उत्तरे. दोन्ही कामे एकाच वेळी चालली आहेत असे वाटते. प्रत्यक्षात मन त्यांच्यामध्ये ये-जा करीत असते.

एक कृती करून पाहा. प्रथम १ ते १० अंक, मग क ते ञ ही दहा अक्षरे लिहा व एकूण वेळ मोजा. नंतर तीच वीस चिन्हे ‘१, क, २, ख’ अशी आलटून पालटून लिहा. लेखन तेवढेच, तरी वेळ वाढतो. एका कामाचा नियम बाजूस सारून दुसऱ्याचा पुढे आणण्याची ही किंमत आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच मोजली होती. बदल केव्हा होणार हे आधी ठाऊक असले आणि तयारीस वेळ मिळाला, तरी ती पूर्णपणे टळत नाही, असे रॉजर्स व मॉन्सेल यांना १९९५ मध्ये आढळले. (ज्याचे आपण कौतुक करतो तो अष्टावधानीही पृच्छकांकडे एकामागून एकच वळतो.)

वाचनात हा तोटा घड्याळावर दिसत नाही. कल्याण येते, पानही उलटलेले असते. पण स्वन आणि स्वनिम यांतील भेद विचारला तर सांगता येत नाही. तेव्हा अंबरनाथपर्यंत संदेशांची उत्तरे आटोपावीत, अर्धवट ठेवू नयेत, आणि पुस्तक त्यानंतरच उघडावे.