इंजिनाच्या अंगावरील काजळी

छोट्या रेल्वे इंजिनाच्या प्रतिकृतीवर सरसकट मळकट रंग फासला, तर ती वापरलेली दिसत नाही. केवळ घाणेरडी दिसते. खऱ्या इंजिनावरील प्रत्येक डागाला कारण असते आणि ते त्याच्या मार्गात व कामात शोधावे लागते.

आजच्या पंचकुला जिल्ह्यातील कालक्याहून सिमल्यास जाणारा, १९०३ साली सुरू झालेला अरुंदमापी मार्ग पाहावा. सुमारे ९६ किलोमीटरांत तो जवळजवळ १,४०० मीटर चढतो. काही ठिकाणी दर ३३ मीटरांस एक मीटर असा चढ आहे. वाटेत शंभराहून अधिक बोगदे लागतात. वाफेचे इंजिन बोगद्यात शिरले की धूर छताला आपटून चालकाच्या खोलीवर व पाण्याच्या टाक्यांवर बसे. म्हणून काजळी आडव्या पृष्ठभागांवर दाट दाखवावी आणि पावसाने ओघळलेल्या तिच्या रेषा खाली उतरवाव्यात. चढावर चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडीत. तिची करडी धूळ खालच्या भागावर बसे. उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजत व लोखंडाचा गंजलेला कीस चाकांभोवती तपकिरी थर धरी. सुरक्षा झडपेखाली मात्र क्षारांचे पांढुरके ओघळ हवेत. चालकाचा हात रोज जिथे पडे ती मूठ तेवढी चकचकीत ठेवावी. नवशिका नेमका हाच तपशील विसरतो!

१:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरांचा हा मार्ग पावणेनऊ मिलिमीटरांचा होतो आणि नारळाएवढा कोळसा दीड मिलिमीटरचा. खरा कोळसा कुटून, चाळून भरता येतो. पण शुद्ध काळा रंग इतक्या लहान वस्तूवर डोळ्यांना खुपतो. त्याऐवजी गडद करडा घ्यावा. पातळ केलेला रंग लावून तो कोरड्या कुंचल्याने वरून खाली पुसून घ्यावा, मग खडूची पूड हलकेच चोळावी.

परंतु त्याआधी काळ ठरवला पाहिजे. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेले केसी-५२० हे इंजिन डिझेल इंजिने आल्यानंतरही जपले गेले आणि पर्यटकांच्या खास गाड्यांना जोडले गेले. ते त्या रूपात घडवायचे, तर काजळी बेतानेच हवी. नित्याच्या कष्टाच्या दिवसांतले घडवायचे, तर पॉलिश खोटे ठरेल. दसऱ्याचा किंवा विश्वकर्मापूजेचा दिवस निवडणाऱ्याला तर पुढच्या बाजूस झेंडूची माळ व कुंकवाचा स्वस्तिक यांची मुभा आहे. मात्र माळेखालचा रंग त्या दिवशी पुसलेला असणार, हे ध्यानात ठेवावे.

वार्निशाचा हात फिरवला की खडूची पूड बरीचशी नाहीशी होते. म्हणून कित्येक जण ती तशीच ठेवतात आणि इंजिन उचलताना केवळ चाकांना हात लावतात.