शर्यतीच्या मोटारीचें सुटें सुकाणूचक्र



सन १९३८ च्या जुलै महिन्याची २४ तारीख. जर्मनींतील नुर्बुर्गरिंग या डोंगराळ मार्गावर त्या देशाची सर्वांत मोठी मोटारशर्यत चालली होती. मर्सिडिझ मोटारींच्या पथकांतील फॉन ब्राउखिच हा चालक आघाडीवर असतां इंधन घेण्यासाठीं थांबला. भरतांना इंधन सांडलें आणि मोटारीनें एकदम पेट घेतला. पथकाचे व्यवस्थापक नॉयबाउअर यांनीं त्याला ओढून बाहेर काढलें. ज्वाळा विझविण्यांत आल्या आणि हा धाडसी गृहस्थ पुन्हां त्याच मोटारींत बसून निघाला. पण थोड्याच वेळानें त्याची मोटार मार्ग सोडून बाहेर गेली, आणि सुकाणूचक्र हातांत घेऊन तो पायीं परत आला! धांवत्या मोटारींत तें आपल्या हातांत सुटून आलें, असें त्यानें सांगितलें. शर्यत त्याच पथकांतील इंग्रज चालक रिचर्ड सीमन यानें जिंकली.

त्याच्या म्हणण्याची शहानिशा आज आपणांस करावयाची नाहीं. परंतु आजच्या माझ्या विषयाचें सारें मर्म या एका प्रसंगांत आलेलें आहे. जें चक्र आगीच्या वेळीं क्षणांत निघालें पाहिजे, तेंच चक्र मोटार धांवत असतां कोणत्याहि कारणानें निघतां कामा नये. हे दोन्ही गुण एकाच जोडांत हवेत. पुष्कळ हौशी लोक पहिला गुण पाहून हा जोड विकत घेतात आणि दुसऱ्याची चौकशी करावयास विसरतात.

हा विषय केवळ परदेशच्या वार्तेचा राहिलेला नाहीं. कोइम्बतूरच्या कारी मार्गावर भरत आलेल्या 'फॉर्म्युला भारत' या स्पर्धेसाठीं आपल्याकडील अभियांत्रिकीचे विद्यार्थी शर्यतीच्या लहान मोटारी स्वतः बांधतात. त्यांच्यासाठीं, आणि जुनी मोटार शर्यतीकरितां सजविणाऱ्या हौशी मंडळींसाठीं, मी आज बोलत आहें.

प्रथम या जोडाची गरज कां पडते तें पाहूं. शर्यतीच्या मोटारींत चालकाची जागा इतकी अरुंद असते कीं, मांड्यांवर आलेलें चक्र दूर केल्यावांचून बाहेर पडणें कठीण. म्हणून विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत नियमच आहे कीं, हातमोजे घालून, नेहमींच्या बैठकींतूनच चालकाला चक्र काढतां आलें पाहिजे; आणि पांच सेकंदांच्या आंत त्यानें मोटारीबाहेर आलें पाहिजे. फॉर्म्युला वनमध्यें पूर्वीं हीच मर्यादा पांच सेकंदांची होती. २०१८ सालीं चालकाच्या डोक्याभोंवतीं संरक्षक कमान आल्यावर ती सात सेकंद झाली, आणि बाहेर पडून चक्र पुन्हां जागेवर बसविण्यास एकंदर बारा सेकंद दिले गेले. चक्र परत कां बसवावयाचें, असें कोणी विचारील. चक्रावांचून मोटार वळवितां येत नाहीं, आणि ती वळवितां आली नाहीं तर मार्गावरून ढकलून दूर नेणाऱ्या सेवकांचा जीव धोक्यांत येतो. २०१० सालीं मोनाको येथें अपघातानंतर बारिकेलो यानें काढलेलें चक्र बाहेर भिरकावून दिलें, आणि तें आपल्या चेन्नईच्या करुण चंधोक याच्या मोटारीखालीं सांपडलें!

सेकंदांचा हा हिशेब पोकळ नव्हे. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहारीन येथें रोमें ग्रोजाँ या चालकाचा ताबा ताशीं २४१ किलोमीटर वेगांत सुटला. मोटार लोखंडी कठड्यांत घुसून दुभंगली व पेटली. त्याचा डावा पाय अडकला होता. बूट तेथेंच सोडून त्यानें पाय सोडविला, जागचें हललेलें डोक्याचें टेकण व सुकाणूचक्र दूर सारलें, आणि सत्तावीस सेकंदांनीं तो ज्वाळांतून बाहेर आला. अशा वेळीं चक्र हटेना, तर मनुष्याच्या हातीं काय उरतें?

आतां जोडाची रचना सांगतों. कारखान्यांत याला 'क्विक रिलीज' म्हणतात. आपण सुटा जोड म्हणूं. याचे दोन भाग असतात. नर-भाग सुकाणूच्या दांड्यावर व मादी-भाग चक्राच्या पाठीवर. चांगल्या जोडांत नर-भागावर उभे दांते कोरलेले असून ते मादी-भागांतील खांचांत बसतात. दांड्याला वळविण्याचें काम या दांत्यांचें. चक्र मागें निघून येऊं न देण्याचें काम मात्र निराळ्या पोलादी छऱ्यांचें. मादी-भागांतले हे छरे नर-भागावरच्या वर्तुळाकार खोबणींत उतरतात, आणि बाहेरचें कडें त्यांना तेथें दाबून धरतें. स्प्रिंगमुळें हें कडें सदैव बंद स्थितींत राहतें. चालकानें कडें आपणाकडे ओढलें कीं, छऱ्यांना मागें सरण्यास जागा मिळते व चक्र हातांत येतें. नुसतें चक्र कितीहि ओढलें तरी तें सुटत नाहीं. कडेंच ओढावें लागतें. एकाच हालचालींत कडें व चक्र दोन्ही चालकाकडे येतात, हा या रचनेचा मोठा फायदा. एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांतहि चक्रामागें असें ओढावयाचें कडें सांगितलें असून तें पिवळ्या रंगाचें असावें असें म्हटलें आहे. बाहेरून मदतीस आलेल्या मनुष्यास तें तत्काळ दिसावें, हा त्यांतील हेतु.

दुसरा प्रकार षट्कोनी दांड्याचा. तो स्वस्त व साधा असतो; पण कोपरे झिजले म्हणजे त्यांत ढिलाई येते. कांहीं जोडांना दोन बाजूंस दोन बटणें असतात व तीं एकदम दाबावीं लागतात. जाड मोजे घालून, धुरांत चांचपडत हें कितपत साधेल, याचा विचार घेणारानें आधीं करावा.

ढिलाई ही क्षुल्लक बाब नव्हे. दांते मध्यापासून दहा मिलिमीटर अंतरावर आहेत आणि तेथें मिलिमीटरच्या पांचव्या हिश्श्याइतकी फट आहे असें समजा. चक्राचा व्यास ३५० मिलिमीटर असेल तर त्याच्या कडेला हीच फट साडेतीन मिलिमीटर होते. म्हणजे हात तितका हलला तरी मोटारीला त्याची वार्ता नसते! म्हणून घेण्यापूर्वीं जोड लावून डावीउजवीकडे हलवून पाहावा. दुसरें, एक दांता इतरांहून निराळा असावा, म्हणजे चक्र एकाच स्थितींत बसेल. तसें नसेल तर घाईंत तें वांकडें बसतें आणि चालक भलत्याच स्थितीला सरळ समजतो. तिसरें, अमेरिकेंतील एसएफआय संस्थेचें ४२.१ हें प्रमाण याच जोडांसाठीं आहे. असें प्रमाण असलेला जोड घ्यावा, आणि आपल्या स्पर्धेचा नियमहि पाहावा. चौथें, भोंकें जुळलीं पाहिजेत. मोमो व स्पार्को यांच्या चक्रांना ७० मिलिमीटर वर्तुळावर सहा भोंकें असतात, नार्डीच्या चक्रांना ७४ मिलिमीटरवर. अमेरिकन पद्धतींत बहुधा तीनच. चार मिलिमीटरचा फरक कानशीनें भोंकें लांबट करून भागविणें म्हणजे आपल्या हातानें अपघाताची तयारी करणें होय.

आतां बसविण्याविषयीं. साध्या मोटारीच्या चक्रांत एअरबॅग असल्यास बॅटरी सोडवून, उत्पादकानें सांगितलेला वेळ थांबून, जाणत्या मनुष्याकडूनच ती काढवावी. पुढचीं चाकें सरळ ठेवून दांड्यावर खूण करावी. मधला नट ढिला करावा, पण कांहीं आट्यांवर तसाच राहूं द्यावा. नाहीं तर घट्ट बसलेलें चक्र एकाएकीं निघून तोंडावर आदळतें. नंतर त्या मोटारीच्याच दांत्यांचा बॉस बसवून नट टॉर्क-पान्यानें उत्पादकाच्या आंकड्याप्रमाणें आवळावा. जोडाचे बोल्ट समोरासमोरचे असे पाळीपाळीनें आवळावे. जोड वेल्डिंग करून बसवावयाचा असेल, तर छरे व स्प्रिंग असलेला भाग आधीं बाजूला काढावा, कारण उष्णतेनें स्प्रिंगेचा जोर जातो. आणि तें काम निष्णात कारागिराशिवाय कोणाकडे देऊं नये.

बॉस व जोड यांच्या जाडीमुळें चक्र चालकाकडे कांहीं सेंटिमीटर सरकतें, हें बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. पट्टे आवळून, खांदे पाठीला टेकवून हात लांब करावा. मनगट चक्राच्या माथ्यावर टेकलें पाहिजे. कोंपर फार दुमडत असेल तर कमी जाडीचा जोड किंवा सपाट चक्र घ्यावें. हॉर्न व बटणांच्या तारांचा जोड चक्राबरोबर आपोआप सुटला पाहिजे. अन्यथा निघालेलें चक्र तारेनें अडकून राहील.

आणि आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चक्र बसविलें कीं प्रत्येक वेळीं चार गोष्टी कराव्या: 'खट्' असा आवाज ऐकावा, कडें पूर्णपणें परत आलें आहे हें डोळ्यांनीं पाहावें, दोन्ही हातांनीं चक्र जोरानें आपणाकडे ओढावें, आणि डावीउजवीकडे पिळून पाहावें. यास तीन सेकंदहि लागत नाहींत. दांत्यांतील धूळ प्रत्येक शर्यतीपूर्वीं पुसावी. मोजे व शिरस्त्राण घालून, डोळे मिटून चक्र काढण्याचा सराव करावा. कारण ज्या दिवशीं तें काढावें लागेल, त्या दिवशीं कदाचित् कांहींच दिसणार नाहीं.

केवळ डौलासाठीं हा जोड रस्त्यावरच्या मोटारीस लावणारांना एक विनंति. भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठीं एअरबॅग सक्तीची झाली आहे. ती काढून त्या जागीं हा जोड बसविणें म्हणजे असलेलें संरक्षण देऊन शोभा विकत घेणें होय. ज्याचें स्थान शर्यतीच्या मार्गावर, तें तेथेंच असूं द्यावें.

त्या दिवशीं नुर्बुर्गरिंगवर काय घडलें, याचा निर्णय कोणी कसाहि करो. आग लागल्यावर घाई होते, आणि घाईंत परत बसविलेलें चक्र ओढून पाहावयास कोणी थांबत नाहीं. आपण थांबावें. त्या तीन सेकंदांनीं शर्यत हरत नाहीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.