गाडीमागची गाडी : परवाना आणि वजन यांचे नियम

गेल्या वार्षिक संमेलनाच्या आदल्या दिवशीं मंडपाचे बांबू, बांक व पाण्याचीं पिंपें शाळेंत आणून देण्याचें काम एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आपण होऊन अंगावर घेतलें. दुपारीं त्यांची पिकअप गाडी फाटकाशीं येऊन थांबली, तों तिच्यामागें एक जुनी ट्रॉली लोखंडी दांडीनें जोडलेली. आणि ट्रॉलींतील बांबूंच्या राशीवर आमचेच नवव्या इयत्तेंतील सहा विद्यार्थी मोठ्या ऐटींत बसलेले! मुलांस खालीं उतरवून आम्हीं त्या गृहस्थांचे आभार मानले, आणि मग हळूच विचारलें, "दादा, ह्या ट्रॉलीचें पुस्तक आहे ना?" ते आश्चर्यानें म्हणाले, "सर, गाडीचें पुस्तक आहे. ट्रॉलीलाहि वेगळें असतें?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हीं एका शब्दांत दिलें. पण प्रश्न एकट्या त्यांचा नाहीं. डहाणू व तलासरी तालुक्यांतील आमच्या पुष्कळ पालकांचा आहे, म्हणून तो येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों. आपल्या भागांत ओझें वाहण्याचीं कामें कमी नाहींत. घोलवड-डहाणूचा चिकू, ज्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, बागेंतून बाजारांत न्यावयाचा असतो. भात, गवत, विटा, रेती, मासळी हीं आहेतच. चारोटीवरून तलासरी, आणि तेथून अच्छाडवरून गुजराथेंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ आपल्या दारावरून जातो. पूर्वीं हीं ओझीं बैलगाडीनें गांवांतल्या गांवांत फिरत; आतां तींच गाडीमागें ट्रॉली लावून ह्या महामार्गावर येतात, आणि गांवांतील संवय महामार्गावर चालत नाहीं.

प्रथम ट्रॉली म्हणजे काय तें पाहूं. आज देशांत लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे; त्यांत २०१९ सालीं मोठे फेरफार झाले. ह्या कायद्यांत 'मोटार वाहन' ह्या शब्दाच्या व्याख्येंतच ट्रेलरचा समावेश केलेला आहे. तिला इंजिन नसो, चाक फिरवावयास कोणी नसो. दुसऱ्या मोटारीनें ओढली जाण्यासाठीं बनविलेली गाडी ही कायद्याच्या दृष्टीनें मोटार वाहनच होय. आमच्या पालकांस नवल वाटलें तें ह्याच गोष्टीचें. ही व्याख्या एकदां ध्यानीं आली म्हणजे पुढचें सारें आपोआप उलगडतें. मोटार वाहन म्हटलें कीं त्याची नोंदणी हवी, त्याचें स्वतंत्र पुस्तक हवें, विमा हवा. कलम ६१ प्रमाणें ट्रेलरला मिळालेला क्रमांक त्याच्या बाजूवर लिहावा लागतो. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकहि ट्रेलरवर, आणि एकाहून अधिक ट्रेलर असतील तर अगदीं शेवटच्यावर, दिसला पाहिजे. कारण उघड आहे. ट्रॉली लावली कीं पुढच्या गाडीची मागची पाटी झांकून जाते, आणि धक्का देऊन पळून गेलेल्या गाडीचा माग मग कोणी कसा काढावा?

येथें एक सूचना करावीशी वाटते. गांवच्या वेल्डिंगच्या दुकानांत पिकअपला मागें हूक डकवून घेण्याची जी चाल पडत आहे ती बरी नव्हे. नोंदणी-पुस्तकांतील व कारखान्याच्या मूळ रचनेशीं विसंगत ठरेल असा फेरफार वाहनांत करण्यास कलम ५२ नें मनाई आहे. गाडीची चौकट किती ओढण्यासाठीं केलेली आहे हें ती बनविणारास ठाऊक असतें, वेल्डिंगवाल्यास नव्हे.

आतां परवान्याविषयीं. हलकें मोटार वाहन म्हणजे मालासह एकंदर वजन ७,५०० किलोंहून अधिक नाहीं असें वाहतुकीचें वाहन. मोटारकार व ट्रॅक्टर ह्यांच्या बाबतींत मात्र रिकामें वजन धरितात. हलक्या वाहनाचा साधा परवाना असलेला मनुष्य मालवाहू पिकअप चालवूं शकतो कीं नाहीं, ह्याविषयीं पुष्कळ वर्षें वाद होता, आणि ह्या वादाच्या आधारें विमा कंपन्या भरपाई नाकारीत. सर्वोच्च न्यायालयानें मुकुंद देवांगन ह्यांच्या प्रकरणांत ३ जुलै २०१७ रोजीं निर्णय दिला कीं, ७,५०० किलोंच्या आंतील मालवाहू वाहनास निराळा शेरा लागत नाहीं. त्यावर पुन्हां शंका घेण्यांत आली, तेव्हां पांच न्यायाधीशांच्या पीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं रंभादेवी प्रकरणांत तोच निर्णय कायम केला. ट्रॅक्टरविषयीं ह्याहून आधीं, २००१ सालीं, नागशेट्टी प्रकरणांत असें ठरलें होतें कीं, ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकानें मागें ट्रेलर जोडला एवढ्यामुळेंच तो परवाना निरुपयोगी होत नाहीं. म्हणजे परवान्याच्या बाबतींत आपल्याकडील लोकांवर कायदा कठोर नाहीं. युरोपीय संघांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचाच ट्रेलर निर्वेधपणें ओढतां येतो. त्याहून जड असल्यास गाडी व ट्रेलर मिळून ३,५०० किलोंची मर्यादा आहे, आणि त्यापलीकडे निराळें शिक्षण वा परीक्षा लागते. ब्रिटनमध्येंहि अशी परीक्षा होती. ती त्यांनीं १६ डिसेंबर २०२१ पासून काढून टाकली.

परवाना सैल, पण वजन मात्र सैल नाहीं. नोंदणी-पुस्तकांत दोन आंकडे असतात: रिकाम्या गाडीचें वजन, आणि मालासह एकंदर वजन. पहिला दुसऱ्यांतून वजा केला कीं जें उरतें तेवढेंच ओझें घालावयाचें. ही वजाबाकी चौथीच्या मुलासहि येते. ती करून पाहणारे मात्र थोडे. कलम ११३ हें गाडीस व ट्रेलरला सारखेंच लागू आहे. ट्रॉलीच्या पुस्तकांतील आंकड्याहून अधिक माल ट्रॉलींत असला, तर पुढची पिकअप रिकामी आहे हें सांगून सुटका होत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एक हिशेब घरीं करून पाहावा. रेती ब्रासनें मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारें २.८३ घनमीटर. एक घनमीटर कोरड्या रेतीचें वजन साधारण १,६०० किलो धरिलें तरी एक ब्रास रेती साडेचार टनांच्या घरांत जाते. ओली असेल तर त्याहून अधिक. वीट सुमारें तीन किलोंची धरिली, तर हजार विटांचे तीन टन झाले. ट्रॉलींत रेती फळ्यांच्या अर्ध्यापर्यंतच दिसते आणि डोळा सांगतो, "अजून पुष्कळ जागा आहे." गवताचें नेमकें उलट. तें डोंगराएवढें दिसतें व वजनांत हलकें भरतें. त्याचा दोष रुंदीचा, कारण पेंढ्या दोहों बाजूंस फुगून अर्धा रस्ता अडवितात आणि मागचे दिवे झांकून टाकतात. जागेवरून वजनाचा अंदाज करणें म्हणजे टोपलीच्या आकारावरून तिच्यांत कापूस आहे कीं लोखंड हें ठरविण्यासारखें आहे.

रस्त्यांत अधिकाऱ्यास संशय आला, तर कलम ११४ प्रमाणें पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आंत, किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आंत असलेल्या वजनकांट्यावर गाडी नेण्यास तो सांगूं शकतो. वजन अधिक भरलें तर अधिक माल तेथेंच, चालकाच्या जोखमीवर, उतरवावा लागतो. २०१९ च्या फेरफारानंतर कायद्यांत लिहिलेला दंड २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक अधिक टनामागें २,००० रुपये असा आहे. दोन टन अधिक असले तर २४,००० रुपये झाले, आणि माल उतरविण्याचा खर्च निराळा. वजन करूं न देतां गाडी पुढें दामटली तर ४०,००० रुपये. गाडी नोकरानें चालविली म्हणून मालक मोकळा राहत नाहीं. हें मालकाच्या माहितीनें किंवा हुकुमानें झालें असें न्यायालय गृहीत धरूं शकतें.

दंडाची गोष्ट सोडून देऊं. वजनाचे नियम कोणत्या कारणानें झाले हें समजावयास आपल्या वडीलधाऱ्यांची बैलगाडी पुरे आहे. ओझें मागें जड झालें कीं गाडी उलाळ होते, धुरा वर उचलतो व बैलांच्या गळ्यास फांस बसतो. पुढें जड झालें कीं सारा भार मानेवर येतो. जाणता गाडीवान म्हणून जड पोतीं आंसाच्या जरा पुढें रचीत असे. ट्रॉलीचें शास्त्र ह्याहून निराळें नाहीं. दोन चाकांच्या ट्रेलरच्या एकंदर वजनाचा सुमारें दहावा भाग पुढच्या हुकावर यावा असा ठोकताळा आहे. उलाळ झालेली ट्रॉली पिकअपचें मागचें अंग वर उचलते, त्या चाकांची रस्त्यावरील पकड सुटते, आणि वेग वाढतांच ट्रॉली शेपटासारखी डाव्या-उजव्या बाजूंस हेलकावूं लागते. मग चालकाच्या हातांत कांहीं उरत नाहीं. हुकावर आलेला भार पिकअपच्या स्वतःच्या वजनांत मोजला जातो हेंहि ध्यानांत ठेवावें. हुकावर १०० किलो आले तर पिकअपच्या हौद्यांत १०० किलो कमी भरले पाहिजेत.

ब्रेकची गोष्ट तर अधिकच विचार करण्याजोगी. साध्या ट्रॉलीस बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. पुढच्या गाडीनें स्वतःसहि थांबवावयाचें व मागच्या दोन-तीन टनांसहि. वेग दुप्पट झाला कीं थांबावयास लागणारें अंतर चौपट होतें. चारोटीहून कासा-जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उतारावर, पावसाळ्यांतील चिखलावर, ह्याचा अर्थ काय होतो तें सांगावयास नको.

आतां त्या सहा मुलांकडे वळतों. आपल्या तालुक्यांतील कितीतरी मंडळी दिवाळीनंतर बिऱ्हाडासह वीटभट्ट्यांकडे अशाच मालगाडींतून जातात, कितीतरी जण उंबरगांव-वापीच्या कारखान्यांत रोज अशाच गाड्यांनीं जातात, आणि लग्नाचें वऱ्हाडहि असेंच निघतें. हे लोक कायद्याच्या दृष्टीनें कोण? १९९४ च्या दुरुस्तीनें मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधि ह्यास विम्याचें संरक्षण मिळालें. गाडीवर कामास ठेवलेल्या हमालाची सोय २०२५ पर्यंत १९२३ च्या कामगार-भरपाईच्या कायद्याखालीं होती. परंतु मालगाडींत सहज बसलेल्या उतारूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें आशाराणी प्रकरणांत ठरविलें. आणि १९९४ च्या दुरुस्तीनेंहि ह्यांत फरक पडत नाहीं, असें २००४ सालीं बलजीत कौर प्रकरणांत स्पष्ट केलें. भरपाई बुडते असें नाहीं. ती गाडीच्या मालकानें द्यावयाची असते. पण आपल्या पाड्यावरील मालकापाशीं कर्जावर घेतलेली गाडी व एकर-दोन एकर भातशेती ह्यांपलीकडे काय असतें? म्हणजे एका घरचा कर्ता जातो आणि दुसऱ्या घरची जमीन जाते, व दोन्ही घरें बहुधा एकमेकांच्या नात्यांतलींच असतात.

विद्यार्थ्यांसाठीं आणखी एक गोष्ट. अठराच्या आंतील मुलानें गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ पासून पालक किंवा गाडीचा मालक ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. शेतांतून घरापर्यंतच ट्रॅक्टर आणला, असें म्हणणाऱ्यांनीं मध्यें सार्वजनिक रस्ता किती लागला तें सांगावें.

संमेलन आटोपल्यावर त्या पालकांनीं ट्रॉली आमच्या सांगण्यावरून रिकामीच परत नेली, व मुलें पायीं घरीं गेलीं. पुढें पंधरा दिवसांनीं ते शाळेंत आले. ट्रॉली त्यांनीं दुसऱ्याकडून विकत घेतली होती, तिचें पुस्तक मूळ मालकाच्या पेटींत सांपडलें होतें, पण नांवावर करून घ्यावयाचें राहिलें होतें. अर्ज कसा लिहावयाचा हें ते विचारीत होते. अर्ज आम्हीं लिहून दिला. मागच्या फळीवर पिकअपचा क्रमांक रंगविण्याचें काम त्यांच्या मुलानें केलें, आणि अक्षर आमच्या अपेक्षेहून चांगलें आलें.