गोदावरीकाठचे सोळा प्रवासी आणि आपण

सुत्तनिपातातील पारायणवग्ग आपल्यापैकी किती जणांनी वाचला असेल? नांदेड, परभणी, लातूरच्या बौद्ध माणसाने तरी तो वाचलाच पाहिजे, कारण तो आपल्याच भागातून निघालेल्या प्रवासाचा वृत्तान्त आहे. गोदावरीच्या काठी अस्सक देशात राहणाऱ्या बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाने आपले सोळा शिष्य तथागतांकडे पाठवले. पतिठ्ठान म्हणजे आजचे पैठण, तेथून माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती करीत ते मगधात पोहोचले. कशासाठी? नवस फेडायला नव्हे, प्रश्न विचारायला! प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला, उत्तर ऐकले, आणि त्यातला म्हातारा पिंगिय परत येऊन बावरीला सारे सांगता झाला. अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या महाविहाराचे बावरीनगर हे नाव याच बावरीची आठवण देते. दर पौष पौर्णिमेला तेथे धम्म परिषद भरते. माणसे डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन येतात, हे आपण पाहतोच.

आता आपल्या समाजाचा प्रवास वाढला आहे. आमच्या आजोबांचा प्रवास गावकुसापासून मालकाच्या शेतापर्यंत, फार तर ऊसतोडीच्या फडापर्यंत. आज निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, नर्सताई बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून येतात. काही जण श्रीलंका, थायलंडलाही जातात. आनंदाची गोष्ट आहे. पण परतल्यावर अल्बम दाखवला जातो, आणलेली मूर्ती दाखवली जाते आणि विषय संपतो. तेथल्या माणसांकडून काय शिकून आलात, असे आम्ही विचारले की उत्तर मिळते, "फार स्वच्छता होती हो, वकीलसाहेब." बस्स, एवढेच?

आम्हाला सर्वांत जास्त शिकवले ते सचखंड एक्स्प्रेसने. ही गाडी सकाळी नांदेडहून निघते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमृतसरला पोहोचते. दोन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. वाटेत काही स्टेशनांवर शीख सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात. गाडी थांबली की डाळ, भाजी, रोटी, कधी खिचडी, सगळे फुकट. नेहमीचे प्रवासी घरूनच ताट-वाटी घेऊन बसतात. जनरल डब्यातला मजूर आणि वातानुकूलित डब्यातला व्यापारी यांच्या ताटात एकच डाळ पडते. कोणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, तिकीटसुद्धा विचारत नाही.

अमृतसरला हरमंदिर साहिबला चार दिशांना चार दरवाजे. लंगरमध्ये रोटीला परशादा म्हणतात आणि ती दोन्ही हात पसरून घ्यावी लागते. पहिल्यांदा आम्हाला हात पसरणे जड गेले. ज्यांच्या पूर्वजांना वरून भाकर टाकली जात होती, त्यांच्या वंशजाला हात पसरायला आवडेल कसे? पण शेजारी मोटारीतून आलेला एक गृहस्थ तसेच हात पसरून बसला होता. बाहेर जोडे सांभाळण्याच्या खिडकीत चांगल्या घरची वाटणारी माणसे लोकांच्या चपला हातात घेत होती, पुसून ठेवत होती. चपला शिवणारा, चपलांना हात लावणारा ज्या देशात अस्पृश्य ठरला, त्याच देशात हे काम पुण्याचे म्हणून मागून घेतले जाते! हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. खरे तर अमृतसरपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण झाले ते नांदेडलाच. हजूर साहिबचा लंगर आपल्या दारात आहे, पण त्या पंगतीत विचार करायला आपण कितीदा बसलो?

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखले होते. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर १९३६ च्या एप्रिलमध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. काही अनुयायांना त्यांनी शीख धर्माच्या अभ्यासासाठी तेथे पाठवले. मुंबईचे खालसा कॉलेज १९३७ साली उभे राहिले, त्यामागेही हाच संबंध होता. आपल्या पायाखालची जमीन बदलायची तर आधी दुसऱ्याच्या घरात जाऊन नीट पाहावे, ही बाबासाहेबांची पद्धत. बौद्ध देशांच्या बाबतीतही त्यांनी तेच केले. १९५० ला श्रीलंका, १९५४ ला रंगून, १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडू. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले.

मात्र पाहायचे तर सगळेच पाहावे. भारावून परत आलेला माणूस अर्धेच सांगतो. गुरू ग्रंथ साहिबात संत रविदासांची वाणी आहे, कबीरांची आहे, आपल्या नरसीच्या नामदेवांची आहे. तरीही १९२० च्या ऑक्टोबरमध्ये दलित शिखांनी आणलेला प्रसाद हरमंदिर साहिबच्या पुजाऱ्यांनी नाकारला होता, आणि तो स्वीकारला जावा म्हणून झगडावे लागले. २००३ साली जालंधरजवळच्या तल्हण गावात गुरुद्वाऱ्याच्या कमिटीत प्रतिनिधित्व मागितले म्हणून दलितांवर बहिष्कार पडला. २००९ मध्ये व्हिएन्नातील रविदास मंदिरात संत रामानंदांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी रविदासियांच्या एका मोठ्या गटाने वेगळा धर्म जाहीर केला. लंगरच्या पंगतीत जात बसत नाही, पण गावात परतल्यावर ती ओट्यावर वाट पाहत असते. तरीही त्यांच्याकडे पंगत तरी आहे. आपल्याकडे काय आहे?

पंजाबकडे बोट दाखवण्याआधी नांदेडकडे पाहू. २०२३ च्या जूनमध्ये शहरालगतच्या बोंढार हवेलीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. हे झाले बाहेरच्यांचे. आपल्या आतले काय? चौदा एप्रिलच्या भोजनदानाला मातंग वस्तीतली माणसे आग्रहाने बोलावली जातात का? एक ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीत आपल्या मंडळाचे किती जण जातात? लग्नाच्या जाहिरातीत 'बौद्ध' लिहून कंसात पोटजात टाकणारे आपलेच आहेत ना?

वकील म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवतो. गुरुद्वारे महंतांच्या ताब्यातून सोडवण्यासाठी शिखांनी पाच वर्षे लढा दिला. १९२२ मध्ये गुरू का बाग येथे जथ्यामागून जथे लाठ्या खात राहिले, कोणी हात उचलला नाही. त्यातून १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला, निवडून दिलेली समिती आली, स्त्रियांनाही मत मिळाले. आता आपल्याकडे पाहा. बोधगयेचा १९४९ चा मंदिर कायदा महाबोधी विहाराच्या समितीवर चार बौद्धांच्या बरोबरीने चार हिंदू बसवतो आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो जिल्हाधिकारी हिंदूच असावा ही अट काढायला २०१३ साल उजाडावे लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत भिक्खूंनी तेथे उपोषण सुरू केले तेव्हा मराठवाड्यातूनही उपासक गेले. पण गेलेल्यांपैकी बहुतेकांनी कायदा वाचलेला नव्हता. ज्या कलमाविरुद्ध घोषणा द्यायची ते कलम तोंडपाठ असायला नको का?

श्रीलंकेत दर रविवारी पांढऱ्या कपड्यातली मुले धम्मशाळेला जातात. पुस्तके ठरलेली, परीक्षा ठरलेली. ख्रिस्ती लोक रविवारी चर्चमध्ये जमतात तसे बौद्धांनी दर रविवारी विहारात जमावे, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. आपले विहार मात्र पौर्णिमेला उघडतात आणि किल्ली कुणाकडे आहे ते शोधण्यात अर्धा तास जातो.

लातूरला या. अकरावी-बारावीला, नीटच्या तयारीला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरे येथे येतात. क्लासची फी बापाने बैल विकून, कर्ज काढून भरलेली. शासकीय वसतिगृहात जागा मोजक्या, स्वाधारचे पैसे हातात पडायला वेळ लागतो. मग पोरगे एका डब्यात दोन वेळा भागवते. लंगर ज्यांच्यासाठी हवा ती ही मुले आहेत. साधा हिशेब करू. मिरवणुकीच्या डीजेवर एका मंडळाचे दोन लाख जातात असे धरा. एका मुलाच्या मेसला महिना तीन हजार धरा. त्याच पैशात सहा मुले दहा महिने जेवतात आणि वीस हजार उरतात. विहाराच्या हॉलमध्ये रात्री दिवा लावून अभ्यासिका केली तर भाड्याचाही प्रश्न नाही. आणि त्या पंगतीत मातंगांचे, चर्मकारांचे, वडाराचे, मुसलमानाचे पोर बसले तर बसू द्या.

लातूरच्या एका बैठकीत आम्ही हा हिशेब मांडला. एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "वकीलसाहेब, मिरवणूक काढली नाही तर गाव म्हणेल, हे घाबरले." त्याचे म्हणणे खोटे नाही. बोंढारनंतर तर मुळीच नाही. मिरवणूक निघालीच पाहिजे, तो आपला हक्क आहे, आणि त्यासाठी परवानगीचा अर्ज आम्ही स्वतः लिहून देऊ. ती डीजेशिवाय, लेझीम आणि हलगीवर निघेल का, एवढेच आमचे विचारणे होते. दोन तास वाद झाला. उपासिकांनी लेझीमच्या बाजूने हात वर केले, तरुणांपैकी निम्मे गप्प राहिले. ठराव झाला नाही. पुढच्या रविवारी विहारातच पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि किल्ली कोणाकडे राहील तेही.