कर्नललाही मज्जाव

मेमरीतलं प्रत्येक पान युजरचं की कर्नलचं, हे पेज टेबलमधला एक बिट ठरवतो. युजरच्या प्रोग्रामने कर्नलच्या पानाला हात लावला की पेज फॉल्ट येतो. उलट दिशेने मात्र वर्षानुवर्षं रान मोकळं होतं. हल्लेखोर नेमका त्याचाच फायदा घेत: कर्नलमधला एखादा बिघडलेला पॉइंटर आपल्या प्रोग्रामच्या मेमरीकडे वळवायचा आणि तिथे बनावट डेटा मांडून ठेवायचा. कर्नल तो बिनदिक्कत वापरायचा.

इंटेलने आयव्ही ब्रिजमध्ये (२०१२) आधी स्मेप आणलं. त्याने युजरच्या पानांवरचा कोड कर्नलला चालवता येईना. ब्रॉडवेलमध्ये (२०१४) स्मॅप आलं आणि ती पानं वाचणं-लिहिणंही बंद झालं. सीआर४ रजिस्टरमधला २१ क्रमांकाचा बिट चालू केला की झालं.

पण फाइल वाचून तिचा मजकूर प्रोग्रामच्या बफरमध्ये टाकायचा, तर कर्नलला तिथे जावंच लागतं. त्यासाठी दोन सूचना आहेत. स्टॅक प्रोसेसरचा एसी फ्लॅग चढवते आणि मज्जाव तात्पुरता उठतो. क्लॅक तो फ्लॅग उतरवते. हा फ्लॅग ४८६च्या काळातला, मुळात अलाइनमेंट तपासण्यासाठी ठेवलेला. कर्नल मोडमध्ये त्याला काही कामच नव्हतं, म्हणून तो इथे जुंपला. लिनक्समध्ये 'कॉपी टू युजर'सारखी ठरावीक फंक्शन्स आधी स्टॅक, मग नक्कल, लगेच क्लॅक, असं करतात. या वाटेबाहेर कर्नलने युजरच्या पानाला हात लावला की फॉल्ट येतो आणि लॉगमध्ये ऊप्स उमटतो.

जुन्या प्रोसेसरला या सूचना कळत नाहीत, तरी कर्नल एकच बनवतात. सूचनेच्या जागी तीन बाइट निष्क्रिय ठेवलेले असतात. बूट होताना प्रोसेसरला स्मॅप येतं असं दिसलं, तरच कर्नल स्वतःच्या कोडमध्ये तिथे स्टॅक किंवा क्लॅक भरतो.

लिनक्सच्या कॉन्फिगमध्ये स्मॅपसाठी पूर्वी वेगळा पर्याय होता. २०२२ मध्ये तो काढला, शिवाय बूटच्या वेळी स्मॅप बंद करणारा 'नोस्मॅप'ही काढला. बरंच झालं, वेगाच्या नावाखाली असली कडी काढून ठेवणं शहाणपणाचं नव्हतंच. एआरएमच्या ६४-बिट प्रोसेसरांत हेच काम पॅन करतं.

स्मॅपला एक पळवाट मात्र उरते. कर्नल बहुतेक सगळी फिजिकल मेमरी स्वतःच्या पत्त्यांवरही मॅप करून ठेवतो. युजरचं पान त्या दुसऱ्या पत्त्यावरून गाठलं, तर तिथला बिट 'कर्नलचं' असंच सांगतो आणि स्मॅप गप्प राहतं.