प्रयोगशाळेचा श्वास

माझी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या ओढणीला उग्र वास यायचा. डोके धरून ती बसून राहायची. एकदा मी विचारले, ‘‘तुमच्या प्रयोगशाळेत हवा बाहेर टाकणारे पंखे नाहीत का गं?’’ ती म्हणाली, ‘‘आहेत ना, अब्बा. पण बिल फार येतं म्हणून बंद ठेवतात.’’

मी पडलो कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. पण त्या उत्तराने मला झोप लागली नाही. वीज वाचवायची, ती काय मुलांच्या श्वासातून? वास्तुरचनाकार असलेल्या एका मित्राकडे मी गेलो. त्याने जे समजावले, ते आज तुम्हाला सांगतो.

विज्ञानाची इमारत इतर इमारतींसारखी नसते. कार्यालयात एकदा थंड केलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवता येते. रसायनांच्या प्रयोगशाळेत तसे चालत नाही. विषारी वाफांचे काम ‘फ्यूम हूड’ नावाच्या, पुढे सरकती काच असलेल्या कपाटात करतात. त्यातली हवा पंखा ओढून बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर जाते, तेवढीच ताजी हवा आत घ्यावी लागते. उन्हाळ्यात ती थंडही करावी लागते. म्हणजे पैसे मोजून थंड केलेली हवा आपण दिवसभर आकाशात सोडत असतो. म्हणून तेवढ्याच जागेच्या कार्यालयापेक्षा अशा प्रयोगशाळेला कित्येक पट वीज लागते.

मग करायचे काय? मित्राने कानपूरच्या आयआयटीचा दाखला दिला. तो परिसर 1960 च्या दशकात उभा केला अच्युत कानविंदे यांनी. कोकणातल्या आचऱ्याचा हा माणूस मुंबईच्या जे.जे.मध्ये आणि पुढे हार्वर्डमध्ये शिकला. त्याच परिसरात पुढे पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकी केंद्राची इमारत झाली, तीही कानविंदे यांनी उभारलेल्या संस्थेच्याच आराखड्यावर. हरित इमारतींना तारे देणारी ‘ग्रिहा’ ही आपली भारतीय मानांकन पद्धत आहे. तिचे पाच तारे सर्वप्रथम या इमारतीला मिळाले.

त्या इमारतीकडून शिकायचा तो कामाचा क्रम. आधी ऊन अडवायचे, यंत्रे नंतर. तिथे दिशा पाहून इमारत बसवली. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी आणि उष्णतारोधक थर. गच्चीवर बांबूचा मांडव आणि त्यावर वेलींची सावली. बाहेरून घ्यायची ताजी हवा थेट यंत्राकडे जात नाही. आधी ती जमिनीखालच्या बोगद्यातून फिरते. विहिरीच्या पायऱ्या उतरताना अंगाला गारवा जाणवतो ना, त्यामागचे कारण हेच. जमिनीत काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास सारखे राहते. त्यामुळे कानपूरच्या लूमध्ये ही हवा आधीच थोडी निवते, आणि थंडीत उबदार होते. मग उरलेले काम यंत्राचे. सौर तावदाने त्याच्याही नंतर.

नाहीतर आपल्याकडे उलटेच दिसते. पश्चिमेला सगळी काचेची भिंत, वर सौर तावदानांची रांग, आणि नाव मात्र हरित इमारत!

जुन्या प्रयोगशाळांचे काय, हे मी मुद्दाम विचारले. मित्र म्हणाला, तिथेही पुष्कळ करता येते. गरजेप्रमाणे वेग कमीजास्त होणारा पंखा बसवावा. तो असेल तर काम संपताच कपाटाची काच खाली ओढली की हवा कमी लागते, वीजही वाचते. ज्या खोल्यांत रसायने नाहीत, त्या वेगळ्या ठेवून त्यांच्या खिडक्या उघडाव्यात. पण रसायनांचे काम चालू असताना पंखा बंद करणे ही काटकसर नव्हे.

मुलीला हे सांगितले. ती हसून म्हणाली, ‘‘अब्बा, हे आम्हाला नको, बिल भरणाऱ्यांना सांगा.’’

म्हणून सांगतो आहे. तुमच्या गावच्या महाविद्यालयात विज्ञानाची नवी इमारत होणार असेल, तर नकाशा पाहायला जरूर जा. तारे किती मिळणार, हे सावकाश विचारा. आधी एवढेच विचारा : आमची मुले जी हवा घेणार, ती येणार कुठून आणि जाणार कुठे?